जर्मनीला पाठवलेलं कुर्र

मेव्हण्याला मी ओरडून ओरडून सांगत होतो, "अरे, तुझा आवाजच येत नाहीये," आणि त्याचा आवाज घरात मला सोडून सगळ्यांना ऐकू येत होता.

झालं होतं असं. कॉम्प्युटर आतल्या खोलीत, माझ्या टेबलावर. टीव्ही बाहेर हॉलमध्ये. सासूबाईंना त्यांची नात मोठ्या पडद्यावर दिसावी म्हणून मी एक लांबलचक केबल आणून दाराच्या फटीतून टीव्हीपर्यंत नेली होती. चित्र दोन्हीकडे दिसू लागलं तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. पण आवाजानंही त्याच वाटेनं जायचं ठरवलं होतं, हे मला कुणी सांगितलं नाही. मी आत कानांना हेडफोन लावून बसलेलो. पडद्यावर मेव्हण्याचे ओठ हलताहेत आणि मी आपला बोटानं कान दाखवतोय. शेवटी तो मागे वळून कुणाला तरी हसत हसत काहीतरी म्हणाला. काय म्हणाला त्याचा अंदाज मला सासूबाईंच्या उत्तरावरून आला. त्या हॉलमध्ये टीव्हीला सांगत होत्या, "असं म्हणू नये रे. शिकतात ते हळूहळू."

ही रंगीत तालीम होती. खरा प्रयोग रविवारी होता.

मेव्हणा जर्मनीत असतो. माझ्या बायकोचा एकुलता एक भाऊ, तिच्याहून बराच लहान, तिनं कडेवर घेऊन वाढवलेला. अजूनही तिला 'अक्का' म्हणतो. आम्ही बेंगळुरूतले पिढ्यान्‌पिढ्यांचे मराठी लोक, आमच्याकडे 'ताई' कधी रुजलीच नाही. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्याला मुलगी झाली. तीही दिवस भरायच्या आधीच आली आणि सुरुवातीचे काही आठवडे काचेच्या पेटीत राहिली. त्या दिवसांत आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे, जणू पेटी आमच्याच हॉलमध्ये ठेवली होती. पोर घरी आली, अंगानं जरा भरली आणि मग बारशाचं ठरलं. बायकोनं तिकडे जायची तयारीही केली होती. नेमक्या तेव्हाच सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड. तेव्हापासून त्या आमच्याकडेच आहेत, वॉकर धरून चालतात, आणि त्यांना सोडून बायकोला कुठं जाता येत नाही.

आता आमच्यातली रीत अशी, की पाळण्यातलं नाव आत्यानं ठेवायचं. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन हळूच 'कुर्र' करायचं आणि नाव सांगायचं. त्याच वेळी मागे उभ्या असलेल्या बायकांनी आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे. का, ते विचारायचं नाही. आणि मुख्य म्हणजे ते नाव बाळाच्या आधी दुसऱ्या कुणाच्या कानावर जायचं नाही. कागदावरचं नाव तिकडच्या हॉस्पिटलनं आधीच मागून घेतलं होतं, त्याला इलाज नव्हता. पण पाळण्यातलं नाव बायकोच्या पोटात होतं, आणि ते तिनं मलाही सांगितलं नव्हतं. मी दोन-तीन वेळा आडून विचारून पाहिलं. "तुम्ही काय बाळ आहात?" असं उत्तर मिळालं.

"अक्का, तू व्हिडिओवरून कर," मेव्हणा म्हणाला होता. "मी माझा फोन तिच्या कानाशी धरतो. इथं सगळे गप्प बसतील. तू हळूच सांग."

तेवढ्यात त्याची मेव्हणी पडद्यात डोकावली. म्हणजे बाळाची मावशी, लंडनहून खास आलेली. मुलगी गोड आहे, मनात काही नसतं तिच्या. ती म्हणाली, "आणि काही अडचण आली तर मी आहेच."

हे 'मी आहेच' बायकोला आठवडाभर पुरलं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मध्येच थांबून ती म्हणायची, "म्हणे मी आहेच." एके दिवशी मला म्हणाली, "हे बघा, पोरीला हात लावायला मिळाला नाही, पेटीत होती तेव्हा काचेला हात लावायला मिळाला नाही. हे एवढं मला करायचंय. तेवढं तुमचं ते नीट चालू ठेवा."

'तुमचं ते' म्हणजे लिनक्स.

आमच्या घरातला कॉम्प्युटर म्हातारा आहे. नव्या सिस्टीमचं ओझं त्याला पेलवेना, तेव्हा व्हाइटफील्डच्या आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं मला लिनक्सची दीक्षा दिली. "सर, फुकट आहे, हलकं आहे, आणि सगळं तुमच्या हातात असतं." यातलं शेवटचं वाक्य धमकीचं होतं हे मला उशिरा कळलं. लोकांच्या कॉम्प्युटरातला आवाज बंद पडला तर त्यांना कंपनीला शिव्या देता येतात. माझ्याकडे शिव्या द्यायला मीच.

त्यात आवाजाचा कारभार तर फारच निराळा. एक प्रोग्रॅम आवाजाच्या कार्डाशी बोलतो, दुसरा त्या पहिल्याशी बोलतो, आणि तिसरा दुसऱ्याचं सोंग घेऊन बसलेला असतो, का, तर मालक बदललाय हे जुन्या प्रोग्रॅमांना कळू नये. हे मी इंटरनेटवर वाचलं. कळलं असं म्हणणार नाही. तिथं माझ्यासारखे पुष्कळ लोक आपापली गाऱ्हाणी मांडून बसलेले असतात. एकाला तर हुबेहूब माझाच त्रास होता, अगदी माइकच्या रंगापर्यंत. मी आनंदानं खाली खाली वाचत गेलो. शेवटी त्यानंच लिहिलं होतं, 'सुटला प्रश्न, सर्वांचे आभार.' कसा सुटला ते नाही. तो माणूस भेटला तर मी त्याला जेवायला बोलवीन आणि वाढणार नाही.

तर टीव्हीचा नाद मी सोडला. कॉम्प्युटरच उचलून हॉलमध्ये जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला, चिकपेटेच्या बाजारातून एक चांगलासा माइक आणला, आणि एक गोष्ट मी आधीच करून ठेवली होती, तिच्या भरवशावर मी फारच निर्धास्त होतो. आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये फरशा उखडायचं काम चालू होतं. दिवसभर डोक्यावर ड्रिल. मी घरून ऑफिसच्या मीटिंगला बसलो की लोक विचारायचे, "सर, तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे आहात का?" म्हणून मी खटपट करून एक सोय बसवली होती. तिला मी गाळणी म्हणतो. माइकमधून आलेला आवाज हिच्यातून जातो. माणसाचं बोलणं पुढे सोडायचं आणि गोंगाट मागे ठेवायचा, एवढंच तिचं काम. ती बसली त्या दिवसापासून ऑफिसात ड्रिल ऐकू जायचं बंद झालं. माझ्या लिनक्समधल्या कारकिर्दीतला हा सर्वोच्च क्षण. बारशाच्या वेळी वर ड्रिल चालू राहिलं तरी जर्मनीत कानात शांतता असेल, असं मी बायकोला छाती फुगवून सांगितलं होतं.

"आता तू एकदा माइकवर बोलून बघ," मी शनिवारी म्हणालो.

"काय बोलू?"

"तेच. कुर्र."

"समोर बाळ नसताना?"

सासूबाई माझ्याशी सरळ बोलत नाहीत. जुनी पद्धत. मी समोर बसलेला असलो तरी लेकीला उद्देशून बोलतात. म्हणाल्या, "अगं, त्यांना सांग, रिकामा पाळणा हलवूसुद्धा नये. कुर्र कसलं करायला सांगताहेत?"

"नाव नको घेऊ. नुसतं कुजबुज तरी कर."

"उद्याच करेन," बायको म्हणाली. तिनं त्या दिवसांत नाव असं काही दाबून धरलं होतं, की माइकजवळ तोंड नेलं तर ते आपोआप बाहेर पडेल अशी तिला भीती वाटत असावी. मग मीच खणखणीत 'हॅलो, हॅलो, एक दोन तीन' केलं. सासूबाईंनीही स्तोत्राचं एक कडवं म्हणून दाखवलं, मंदिरात ध्वनिक्षेपक बंद पडल्यावर म्हणतात तशा आवाजात. मेव्हण्यानं दोन्ही हातांचे अंगठे वर केले. "अगदी स्पष्ट, भावजी." मी झोपायला गेलो.

रविवारी तिकडे सकाळ आणि आमच्याकडे जेवणं उरकलेली दुपार. बायको ठेवणीतली साडी नेसून टेबलापाशी बसली. तिच्या मागे खुर्चीत सासूबाई, कारण बुक्के घालायला घरात दुसरी बाई नव्हती. पडद्यावर पाळणा. झेंडू मिळाला नाही म्हणून तिकडच्यांनी त्याला पिवळी ट्यूलिप बांधली होती. पाळण्याभोवती दहा-बारा माणसं, आणि मध्ये टोपडं घातलेली पोर, स्वतःची मूठ चोखत. वर ड्रिल चालू होतं. रविवारी काम नसतं म्हणून मी बेफिकीर होतो, पण त्या लोकांना काम लवकर संपवायचं होतं म्हणे. असू दे, म्हटलं, गाळणी आहे.

"हं, अक्का. कर आता." मेव्हण्यानं फोन पोरीच्या कानाशी नेला. त्यामुळे पडद्यावर आम्हाला फक्त तिचा कान दिसू लागला. जर्दाळूएवढा.

माझं लक्ष कोपऱ्यातल्या हिरव्या पट्टीवर. माइकच्या तोंडाशी आवाज झाला की ही पट्टी हलते, वरच्या ड्रिलसारख्या लांबच्या गोंगाटाला ती दाद देत नाही. बायकोनं दोन्ही तळव्यांची ओंजळ माइकभोवती धरली आणि वाकली. सासूबाईंनी बुक्का घातला. पट्टी एकदा उडाली, ती बुक्क्यानं. बाकी जागची हलली नाही.

"आलं?" मी विचारलं.

"नाही हो, भावजी. काहीच नाही आलं."

बायको सरळ बसली आणि पदरानं तोंड पुसू लागली. पंखा मंद होता. मी तो वाढवला आणि कामाला लागलो. धक्का कळतो पण बोलण्याला पट्टी हलत नाही, म्हणजे माइक अर्धमेला. इतकं सरळ होतं.

सेटिंग उघडलं तर आवाज आत घ्यायच्या चार-पाच वाटा दिसल्या. आदल्या दिवशी तीनच होत्या, याची मी शपथ घ्यायला तयार आहे. त्यांतल्या एकीचं नाव होतं 'मॉनिटर'. मी मनाशी हिशेब केला, मॉनिटर म्हणजे पडदा, पडद्यावर कॅमेरा, कॅमेऱ्यात एक छोटा माइक असतोच. घेतला. त्याबरोबर जर्मनीतले सगळे दचकून इकडेतिकडे बघू लागले. ही वाट माइकची नव्हतीच. कॉम्प्युटरमधून जो आवाज बाहेर पडतो तोच परत आत घेणारी वाट होती ती. त्यामुळे तिकडचे लोक जे बोलत होते ते त्यांना क्षणभरानं आमच्याकडून परत ऐकू जात होतं. मावशी शेजारणीला हळूच म्हणाली होती, "त्यांच्या हातून व्हायचं नाही हे," ते तिलाच साभार परत मिळालं. ती लाल झाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि वाट बदलली.

मग आवाजाचा सगळा कारभार एकदा बंद करून पुन्हा सुरू केला. काळ्या खिडकीत एक आज्ञा लिहिली की तसं होतं. आज्ञा मला पाठ आहे. अर्थ विचारू नका. दोन्हीकडे शांतता पसरली. पडद्यावर लोक ओठ हलवताहेत, पोर मूठ चोखतेय. मग खर्रर्र करून आवाज परत आला.

"हॅलो! एक, दोन, तीन!"

"स्पष्ट येतंय, भावजी!"

"बघ," मी बायकोला म्हटलं, "झालं. कर."

पुन्हा ओंजळ, पुन्हा कान, पुन्हा बुक्का. या वेळी पट्टी थरथरली. थोडीशीच, पण मी डोळ्यांनी पाहिली.

"आलं ना?"

"नाही."

"कसं नाही? इथून गेलंय!"

"इथं नाही पोचलं हो."

आता मात्र मी गोंधळलो. मघाशी पट्टी हलत नव्हती, आता हलतेय, आणि तरी निकाल तोच. माझं 'एक दोन तीन' समुद्र ओलांडून जातं, आणि त्याच खुर्चीतून, त्याच माइकमधून बायकोचं कुर्र जात नाही. माइकला माणसं ओळखता येतात की काय? मी म्हणालो, "जरा मोठ्यानं बोल ना."

"कानात ओरडतात का?"

"पण ऐकूच जात नाही तर..."

"मोठ्यानं बोलले तर तिकडे सगळ्या खोलीला कळेल. मग कुर्र कशाला, पत्रिकाच छापू या."

सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्यांना विचार, जर्मनीतच काही बिघडलं नसेल कशावरून?" या बाईनं माझी बाजू घेतल्याचा एवढा एकच प्रसंग मला आठवतो.

"अक्का, तुझ्या फोनवरून कर," मेव्हणा म्हणाला. बायकोनं माझ्याकडे न बघता फोन घेतला. फोनवरूनही तेच. म्हणजे अगदीच तेच नाही, एकदा नुसतं 'फू' असं काहीतरी आलं म्हणे, उदबत्ती विझवल्यासारखं. पोर आता चुळबुळू लागली होती. पाळण्याभोवतालची माणसं घड्याळं बघत नव्हती, पण बघायची नाहीत असं ठरवून उभी होती. आणि मग मावशी पुढे आली.

"अक्का, राग मानू नका. मी करते ना. तुम्ही नाव मला मेसेज करा, मी कुणाला दाखवणार नाही."

मी पाहिलं तर बायकोनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, एकावर एक. मला वाटतं ती आता हो म्हणणार होती. पोर रडायच्या बेतात, एवढी माणसं खोळंबलेली, तिच्या स्वभावात लोकांना ताटकळत ठेवणं नाही. तिचे ओठ उघडलेच होते, तेवढ्यात सासूबाई आढ्याकडे बघून कडाडल्या, "ह्या मेल्या ड्रिलच्या आवाजात कुणाला काय ऐकू जाणार!"

"कसलं ड्रिल, अम्मा?" मेव्हणा म्हणाला. "इथं काहीच ऐकू येत नाहीये."

मी माउस हातात धरून तसाच बसलो. डोक्यावर छत हादरत होतं. पिण्याच्या पाण्याचं भांडं टेबलावर थरथरत होतं. आणि जर्मनीत काहीच ऐकू येत नव्हतं, कारण माझी गाळणी ते चोख गाळत होती. माणसाचं बोलणं पुढे सोडायचं आणि गोंगाट मागे ठेवायचा. आणि कुजबुजीत बोलणं असतं कुठं? गळ्यातला सूर नसतोच तिच्यात, नुसता वारा असतो. कुर्र तर काय, कुणी तरी लांबवर दुचाकी सुरू करावी तसं. माझ्या त्या शहाण्या प्रोग्रॅमनं ड्रिल उचललं, बायकोचं कुर्र उचललं, दोन्ही एकाच टोपलीत टाकली. फोनमध्येही असली गाळणी आधीपासूनच असते आणि व्हिडिओच्या प्रोग्रॅममध्ये आणखी एक, हे मला पुढे वाचायला मिळालं. म्हणजे पोरीच्या कानापर्यंत जायला बायकोला दोन-दोन पहारे चुकवावे लागत होते, आणि त्यांतला एक मीच छाती फुगवून बसवलेला.

"मिळालं!" मी ओरडलो. "तुझा आवाज त्याला कचरा वाटतोय!"

बायकोनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तिचं वर्णन मी करणार नाही. मी घाईघाईनं माझी गाळणी काढली. व्हिडिओच्या प्रोग्रॅममध्ये शोधशोध शोधून 'आसपासचा गोंगाट कमी करा' च्या पुढची खूण काढली.

आणि आमचं सगळं बेंगळुरू जर्मनीत शिरलं. ड्रिल, खाली पाण्याच्या टँकरची मोटर, शेजारच्यांचा कुकर, रस्त्यावरून कोथिंबीर-पालक ओरडत जाणारी बाई, आणि त्या सगळ्याच्या वर सासूबाईंचं "आता ऐकू येतंय का रे?" पोरीनं मूठ तोंडातून काढली आणि भोकाड पसरलं.

"भावजी, हे काय आहे!"

"हे नेहमीचंच आहे," मी म्हणालो आणि जिन्याकडे धावलो.

वरच्या फ्लॅटमध्ये दोघंजण धुळीनं पांढरे झाले होते. मी मोठ्या मेस्त्रीला कन्नडमध्ये म्हटलं, "अण्णा, स्वल्प थांबवा. पाच मिनिटं. बाळाचं नाव ठेवायचंय."

"सरी सार," तो लगेच म्हणाला आणि ड्रिल खाली ठेवलं. त्या कामाला कुणी नाही म्हणत नाही. मग सहज विचारलं, "बाळ घरातच आहे का?"

"नाही, जर्मनीत."

त्यानं हातातल्या ड्रिलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इतक्या लांब आवाज जातो याचा त्याला अभिमान वाटला की माझी कीव आली, मला सांगता येणार नाही. "आधी सांगायचं ना सार," एवढंच तो म्हणाला.

खाली आलो तर टँकर गेला होता, खिडक्या बायकोनं लावून घेतल्या होत्या, आणि तिकडे पोरीच्या आईनं तिला कडेवर घेऊन शांत केलं होतं. मी पंखा बंद केला. पोरीला पुन्हा पाळण्यात ठेवलं. पुन्हा तो कान. बायकोनं या वेळी ओंजळ केली नाही. माइकजवळ नुसता एक हात आडोशासारखा धरला, तवा तापलाय का बघतात तसा, आणि वाकली. मी तिच्या शेजारी दोन वितींवर होतो आणि मला काही ऐकू आलं नाही. पट्टी हलली. सासूबाईंचे बुक्के पडले, सगळ्या बायकांच्या वाटणीचे त्यांनी एकटीनं घातले, माइक आडवा झाला.

पडद्यावर पोरीनं मूठ चोखायचं थांबवलं. एवढंच झालं. डोळे एका बाजूला गेले, कान ज्या बाजूला होता त्या बाजूला. मग पुन्हा मूठ.

"आलं!" मेव्हणा फोन हलवत म्हणाला. त्यामुळे आम्हाला एकदम त्यांचं छत, दिवा आणि मावशीची हनुवटी दिसली. "आलं, अक्का! मला नुसतं कुर्र ऐकू आलं, नाव तिला गेलं. आता सांग, काय ठेवलंस?"

मग बायकोनं ते मोठ्यानं सांगितलं. तिकडे टाळ्या झाल्या. मावशीनं सगळ्यांत जोरात वाजवल्या, खोटं कशाला बोलू. सासूबाईंनी ते नाव दोनदा स्वतःशी म्हणून बघितलं आणि मान हलवली. नाव मी इथं लिहीत नाही. कुणालाच सांगायचं नाही असं माझ्यावर काही बंधन नाही, पण ते ज्या कष्टानं गेलं ते बघता असं कागदावर ठेवून द्यावंसं वाटत नाही.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी बायकोला सगळं उलगडून सांगत होतो. हातात चहाची खरीखुरी गाळणी होती, त्यामुळे विषय सोपा जात होता. ही गाळणी, हा चोथा, म्हणजे तुझं कुर्र... इथं मी सावरून घेतलं. पण सांगता सांगता मलाच एक गाठ लागली. हिरवी पट्टी गाळणीच्या आधी असते. माइकच्या तोंडाशी जे होतं ते ती दाखवते, पुढे ते गाळलं जावो की न जावो. मग पहिल्या वेळेला पट्टी का हलली नाही? दुसऱ्यांदा हलली. शेवटी हलली. पहिल्यांदा मात्र तिच्यावर नुसता बुक्का उमटला. म्हणजे माइक खरंच अर्धमेला होता? मी तो कारभार बंद करून सुरू केला त्यानं जिवंत झाला? की मी ती मॉनिटरची भलती वाट घेतली आणि परत आलो त्यानं? एकाच वेळी इतक्या गोष्टी फिरवल्या होत्या, की नेमकं काय केल्यानं काय झालं, ते आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पुढच्या वेळी हेच झालं तर मी काय करणार होतो?

"पहिल्यांदा का हलली नसेल?" मी तिसऱ्यांदा की चौथ्यांदा म्हणालो.

बायको कप धरून खिडकीशी उभी होती. वर ड्रिल पुन्हा सुरू झालं होतं.

"मी बोललेच नव्हते हो," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे बोललेच नव्हते. वाकले, तर तो एवढासा कान समोर. गळाच उघडेना. नुसते ओठ हलले."

"अगं, मग सांगायचं नाही का? मी सगळी सिस्टीम उलटीपालटी केली! त्या लोकांना त्यांचाच आवाज ऐकवला!"

"सांगणारच होते. पण तुम्ही इतके मन लावून शोधायला लागलात, म्हटलं शोधू देत, तेवढ्यात माझा गळा ताळ्यावर येईल." तिनं कप बशीत ठेवला. "इतर वेळी तुमचं ते बिघडलं की तास तास जातो. आज नेमकं इतक्या लवकर दुरुस्त केलंत, की मला दुसऱ्यांदाही नीट जमलं नाही."